आपल्या खासदारानं मत कोणत्या बाजूनं दिलं? संसदेतली नोंद कशी वाचायची

निवडणूक जवळ आली की मोबाइलवर एक तक्ता फिरायला लागतो. एका बाजूला विषय: नागरिकत्व दुरुस्ती, शेती कायदे, महिला आरक्षण, वक्फ. दुसऱ्या बाजूला खासदाराचं नाव आणि त्यासमोर हिरवी किंवा लाल खूण. मालवणच्या मच्छीमारांच्या गटावरून तो देवगडच्या बागायतदारांकडे जातो, तिथून मुंबईतल्या चाकरमान्यांकडे, आणि दोन दिवसांत त्यावर लोकांचं मत बनूनही जातं. तक्ता करणाऱ्याची तळमळ खरी असते. प्रश्नही रास्त आहे. ज्याला आपण दिल्लीला पाठवला, 'त्यान मत खयच्या बाजून दिल्यान?' हे विचारायचा आपला हक्कच आहे.

अडचण अशी की त्या तक्त्यातल्या काही ओळींना आधार असूच शकत नाही. शेती कायद्यांचीच ओळ घ्या. त्या विधेयकांवर कुठल्याही खासदाराचं मत नावानिशी नोंदलं गेलेलं नाही. कोकणातल्याही नाही, पंजाबातल्याही नाही. मग समोरची हिरवी खूण आली कुठून? पक्षाची भूमिका बघून कोणीतरी ती लावलेली असते.

म्हणून आधी हे समजून घ्यायला हवं की आपल्या संसदेत मत नोंदलं कधी जातं.

'हो' म्हणणाऱ्यांचा आवाज

संसदेतले बहुतेक निर्णय आवाजी मतदानानं होतात. अध्यक्ष प्रस्ताव सभागृहापुढे ठेवतात, बाजूचे सदस्य 'हो' म्हणतात, विरोधातले 'नाही' म्हणतात, आणि कोणाचं पारडं जड आहे हे ऐकून अध्यक्ष निकाल सांगतात. कामकाजाच्या अहवालात 'प्रस्ताव स्वीकृत झाला' एवढंच उरतं. आमच्याकडे वाडीच्या बैठकीत पंपाच्या वर्गणीसाठी हात वर करायला सांगितलं, तर कोणाचा हात खाली राहिला हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. लोकसभेतल्या आवाजी मतदानात ५४३ जणांपैकी कोण काय बोललं, की काहीच बोललं नाही, हे शेजारच्या बाकावरच्या सदस्यालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

ज्या विधेयकावर सगळ्यांचं एकमत आहे, तिथे ही पद्धत ठीक आहे. वेळ वाचतो. पण देशभर ज्यावर रान उठलं अशी विधेयकंही याच वाटेनं गेली आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये तिन्ही शेती विधेयकं लोकसभेत आवाजी मतदानानं मंजूर झाली. २० सप्टेंबरला त्यातली दोन राज्यसभेत आली. विरोधी सदस्यांनी मतविभाजन, म्हणजे मतांची प्रत्यक्ष मोजणी, मागितलं, सभागृहात गोंधळ झाला, आणि उपसभापतींनी विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर झाल्याचं जाहीर केलं. मागणी करणारे सदस्य आपापल्या जागेवर नव्हते आणि सभागृह शांत नव्हतं, असं उपसभापतींचं म्हणणं होतं. आमचा हक्क डावलला, असं विरोधकांचं. दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित झाले. पुढे २९ नोव्हेंबर २०२१ ला हेच कायदे मागे घेणारं विधेयक दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, चर्चेविना, पुन्हा आवाजी मतदानानंच मंजूर झालं. म्हणजे वर्षभर दिल्लीच्या वेशीवर ज्यासाठी शेतकरी बसले, त्या कायद्यांच्या जन्माच्या वेळी आणि अंताच्या वेळीही, आपला खासदार कुठे उभा होता याचा सरकारी कागद नाही. मला हे लोकशाहीतलं फार मोठं उणेपण वाटतं.

घंटा वाजते तेव्हा

याला उपाय नियमातच आहे. अध्यक्षांनी आवाज ऐकून दिलेला निकाल मान्य नसेल, तर सदस्य तो तिथल्या तिथे आव्हानित करू शकतो आणि मतविभाजन मागू शकतो. लोकसभेच्या कार्यपद्धतीतला ३६७ वा नियम हा त्यासाठीचा. मग लॉबी मोकळी करण्याचा आदेश निघतो, संसद भवनात घंटा वाजते आणि साडेतीन मिनिटं वाट बघितली जाते. कोणी ग्रंथालयात, कोणी उपाहारगृहात, सगळ्यांनी त्या वेळात आत यायचं. मग दारं बंद. प्रस्ताव दुसऱ्यांदा विचारला जातो. पुन्हा आव्हान आलं, तर मतदान. प्रत्येक बाकावर बटणं असतात: हिरवं बाजूनं, लाल विरोधात, पिवळं तटस्थ. बटण चुकलं किंवा दाबायचं राहिलं, तर चिठ्ठी भरून देता येते.

याच नियमात एक पोटकलम आहे, ते फारसं कोणी सांगत नाही. मतविभाजनाची मागणी विनाकारण आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर ते दोन्ही बाजूंच्या सदस्यांना जागेवर उभं राहायला सांगून डोकी मोजू शकतात. त्या वेळी नावं नोंदली जात नाहीत. आकडा कळतो, माणूस कळत नाही.

हे सगळं प्रत्यक्षात कसं चालतं ते १७ डिसेंबर २०२४ च्या दिवशी दिसलं. 'एक देश, एक निवडणूक' यासाठीचं १२९ वं घटनादुरुस्ती विधेयक कायदामंत्री लोकसभेत मांडत होते. विधेयक मंजूर करायचा प्रश्न अजून आलाच नव्हता, फक्त ते मांडू द्यायचं की नाही एवढ्यावर विरोधकांनी मतविभाजन मागितलं. नव्या संसद भवनातल्या लोकसभेत यंत्रानं मतदान होण्याची ती पहिली वेळ होती, म्हणून अध्यक्षांनी बटणं कशी दाबायची तेही समजावून सांगितलं. यंत्रावरचा पहिला आकडा आला: बाजूनं २२०, विरोधात १४९. त्यानंतर चिठ्ठ्यांची मोजणी झाली आणि अंतिम निकाल ठरला २६९ विरुद्ध १९८. म्हणजे शंभराच्या आसपास मतं चिठ्ठीवरची होती. त्या दिवशी दुपारी ज्यांनी पडद्यावरच्या आकड्याचा फोटो काढून 'आपले खासदार गैरहजर' म्हणून पुढे पाठवला असेल, त्यांनी एखाद्या हजर माणसावर अन्याय केला असण्याची दाट शक्यता आहे. म्हणून नियम एकच ठेवावा: पडद्याचा फोटो धरायचा नाही, अंतिम यादी धरायची.

घटनादुरुस्तीचा विषय निघालाच आहे तर तिचं गणितही बघू. साध्या विधेयकाला हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत पुरतं. घटनादुरुस्तीला अनुच्छेद ३६८ प्रमाणे दोन अटी एकदम पुऱ्या कराव्या लागतात: सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत, म्हणजे लोकसभेत २७२, आणि हजर राहून मत देणाऱ्यांतले दोन तृतीयांश. त्या १७ डिसेंबरला मत देणारे ४६७ होते. विधेयक मांडायला २६९ पुरले. तेवढेच सदस्य हजर असताना ते मंजूर करायचं असतं, तर ३१२ लागले असते.

या अटींमुळे घटनादुरुस्तीवर मोजणी टाळता येत नाही, आणि म्हणून तिथली नोंद सर्वांत भरवशाची. वस्तू आणि सेवा कराची घटनादुरुस्ती ८ ऑगस्ट २०१६ ला लोकसभेत ४४३ विरुद्ध ० अशी झाली. महिला आरक्षणाची २० सप्टेंबर २०२३ ला ४५४ विरुद्ध २, आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेत २१४ विरुद्ध ०. साध्या विधेयकांपैकी ज्यांवर विरोधकांनी आग्रह धरला तीही सापडतात: नागरिकत्व दुरुस्ती ९ डिसेंबर २०१९ ला लोकसभेत ३११ विरुद्ध ८०, वक्फ दुरुस्ती एप्रिल २०२५ मध्ये मध्यरात्र उलटल्यावर २८८ विरुद्ध २३२, राज्यसभेत १२८ विरुद्ध ९५. आपल्या खासदाराचं नाव शोधायचं असेल तर सुरुवात अशा विधेयकांपासून करावी.

मत त्याचं की पक्षाचं?

नाव सापडलं. हिरव्या यादीत आहे. आता त्यावरून खासदाराबद्दल काय कळलं? खरं सांगायचं तर, त्याच्या पक्षाबद्दल पुष्कळ कळलं, त्याच्याबद्दल थोडंच.

१९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीनं दहावं परिशिष्ट आलं, तोच आपला पक्षांतरबंदी कायदा. पक्ष सोडला तर सदस्यत्व जातं हे सगळ्यांना माहीत असतं. पण पक्षानं काढलेल्या आदेशाविरुद्ध मत दिलं, किंवा आदेश असताना मत द्यायला आलाच नाही, तरीही पूर्वपरवानगी नसेल तर सदस्यत्व जाऊ शकतं. पक्षानं पंधरा दिवसांत ते माफ केलं तरच सुटका. या आदेशाला बोलीत 'व्हीप' म्हणतात, आणि तो बजावणाऱ्या सदस्याला प्रतोद. पूर्वी एक तृतीयांश सदस्य फुटले तर ती 'फूट' धरून संरक्षण मिळायचं, २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं ती पळवाट बंद झाली.

सर्वोच्च न्यायालयानं १९९२ मध्ये किहोतो होलोहान खटल्यात हा कायदा वैध ठरवला, पण एक महत्त्वाची गोष्टही सांगितली. सदस्यत्व घालवणारा आदेश सरकारच्या अस्तित्वाच्या मतदानापुरता किंवा पक्षाच्या मूळ धोरणापुरता असावा, आणि तसं आदेशातच स्पष्ट लिहिलेलं असावं. आज मात्र साध्या साध्या विधेयकांवरही तीन ओळींचा, म्हणजे सर्वांत कडक, आदेश निघतो. त्यामुळे समुद्रकिनाऱ्यावरचा खासदार आणि वाळवंटातला खासदार एकाच पक्षाचे असतील, तर दोघांचं मत सारखंच पडणार. किनाऱ्याला त्या कायद्याचा फटका बसत असला तरी.

आदेश नेमका कोणाचा, हा प्रश्न तर कोकणातूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा विधानसभेत दोन प्रतोद उभे राहिले, आणि त्यातले एक होते महाडचे आमदार भरत गोगावले. ३ जुलै २०२२ ला अध्यक्षांनी गोगावले यांच्या नेमणुकीला मान्यता दिली, दुसऱ्या दिवशी एकनाथ शिंदे सरकारनं १६४ विरुद्ध ९९ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. ११ मे २०२३ ला घटनापीठानं सांगितलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळातल्या गटाचा नव्हे, आणि अध्यक्षांनी दिलेली ती मान्यता कायद्याला धरून नव्हती. पुढे १० जानेवारी २०२४ ला, खरा पक्ष शिंदे गटच असा निष्कर्ष काढून अध्यक्षांनी गोगावले यांची नेमणूक वैध ठरवली. यात कोण बरोबर, यावर कोकणात घराघरांत दोन मतं आहेत, आणि ती इथे सोडवायची नाहीत. मतदाराला यातून घ्यायचं ते एवढंच: त्या दोन दिवसांतली मतं वाचताना आकड्याच्या शेजारी 'कोणाच्या आदेशावरून' हा रकाना असायलाच हवा.

आदेश नसतो अशी मतदानं थोडी आहेत. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती यांच्या निवडणुकीत पक्षादेश चालत नाही, पण तिथे मतदान गुप्त, म्हणून नोंदही नाही. राहिली खासगी विधेयकं. त्यांच्याकडे शेवटी येतो.

गैरहजर म्हणजे काय?

हिरवी आणि लाल खूण सोपी. तिसरा रकाना सगळ्यांत फसवा, कारण त्यात चार निरनिराळी माणसं एकत्र पडतात: पिवळं बटण दाबून तटस्थ राहिलेला, निषेध म्हणून सभात्याग केलेला, आजारी किंवा परगावी असलेला, आणि मतदान टाळण्यासाठी मुद्दाम बाहेर थांबलेला. यादीत नाव असतं ते फक्त पहिल्याचं. बाकीचे तिघे नोंदीपुरते सारखेच.

नागरिकत्व दुरुस्तीच्या वेळी शिवसेनेनं दोन सभागृहांत दोन वेगळ्या गोष्टी केल्या. ९ डिसेंबर २०१९ ला लोकसभेत पक्षानं बाजूनं मतदान केलं. ११ तारखेला राज्यसभेत पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. रत्नागिरी-सिंधुदुर्गची जागा तेव्हा शिवसेनेकडेच होती. राज्यसभेतली गैरहजेरी आळसाची नव्हती, ती भूमिका होती. पण फक्त यादी वाचणाऱ्याला ते कधीच कळणार नाही. त्यासाठी त्या दिवशीची भाषणं वाचावी लागतात.

याहून मोठं उदाहरण आपल्याच मतदारसंघाचं आहे. जुलै १९७५ मध्ये आणीबाणीच्या उद्घोषणेला लोकसभेनं मान्यता दिली, त्या मतदानात राजापूरचे (आजच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या आधीचा मतदारसंघ) खासदार मधु दंडवते नाहीत. जून महिन्यात संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला गेले असताना त्यांना तिथेच अटक झाली होती आणि ते तुरुंगात होते. आणीबाणीला ज्यांचा विरोध सर्वांत पक्का होता, अशांची नावं त्या दिवशीच्या यादीत विरोधातही नाहीत. नुसती गैरहजेरी मोजून प्रगतिपुस्तक काढणाऱ्या कुठल्याही तक्त्यात दंडवते नापास झाले असते.

हजेरीचंही तसंच. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत, ते उत्तरं देतात. अनंत गीते रायगडचे खासदार म्हणून २०१४ ते २०१९ केंद्रात मंत्री होते. त्या काळातल्या त्यांच्या नावापुढे प्रश्नांची संख्या शोधणं व्यर्थ आहे. एखाद्या खासदाराची दुसऱ्याशी तुलना करण्याआधी दोघांपैकी कोणी मंत्री होतं का, हे बघून घ्यावं. आणि आपला खासदार कोण हेही. दापोली आणि गुहागर रत्नागिरी जिल्ह्यात असले तरी लोकसभेला रायगडमध्ये येतात. तिकडचे लोक रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खासदाराचा हिशोब मागत बसतात असं मी स्वतः पाहिलंय.

किनाऱ्याचे प्रश्न मतदानाला येतच नाहीत

इथवर जे बघितलं ते देशाच्या ठळक विषयांबद्दल. मात्र कोकणातल्या माणसाला रोज ज्यानं ग्रासलंय, ते बहुतेक विषय सभागृहात मताला टाकलेच जात नाहीत, आणि या बाबतीत मला मनापासून चीड येते.

सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्र, घ्या. भरतीरेषेपासून किती अंतरावर घर बांधता येईल, जुनं घर दुरुस्त करता येईल का, किनाऱ्यावर न्याहारी-निवास चालवता येईल का, हे सगळं ज्या नियमांवर ठरतं ते १९९१, २०११ आणि २०१९ या तीन अधिसूचनांतून आले. अधिसूचना पर्यावरण मंत्रालय काढतं, १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यानं दिलेल्या अधिकारात. त्यावर एकाही खासदारानं ना हिरवं बटण दाबलं, ना लाल. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचंही तेच. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा, पहिली मसुदा अधिसूचना २०१४ ची आणि सहावी ३१ जुलै २०२४ ची. सिंधुदुर्गातल्या गावागावांत त्यावर ग्रामसभा झाल्या, चिऱ्याच्या खाणी चालणार की बंद होणार यावर भांडणं झाली. संसदेत मतदान झालं नाही.

मासेमारीत तर पाण्यावरच रेघ आहे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते, तिथे १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा चालतो, म्हणजे जाब आमदाराला विचारायचा. त्यापलीकडे केंद्र. एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीवर केंद्रानं नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली तीही आदेशानं. २०२१ च्या पावसाळी अधिवेशनाच्या कामकाजात भारतीय सागरी मत्स्यव्यवसाय विधेयकाचं नाव आलं होतं, किनाऱ्यावर त्याविरुद्ध आवाजही उठला, पण विधेयक मांडलंच गेलं नाही. पारंपरिक रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) आणि पर्ससीनवाले (बोटींतून मोठ्या जाळ्याचा वेढा घालणारे) यांच्या भांडणात आपला खासदार कोणाच्या बाजूचा, हे मतांच्या यादीत शोधून सापडणार नाही.

आणि कधीकधी मत पडतं, पण त्यावर विषयाचं नाव वेगळंच असतं. २२ जुलै २००८ ला मनमोहन सिंग सरकारनं २७५ विरुद्ध २५६ मतांनी विश्वास जिंकला. ठराव सरकारवरच्या विश्वासाचा होता, भांडण अमेरिकेबरोबरच्या अणुकराराचं. सप्टेंबरमध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटानं भारताला सूट दिली, फ्रान्सबरोबर करार झाला, आणि माडबनच्या सड्यावर, म्हणजे जैतापूर प्रकल्पाच्या जागी, फ्रेंच बनावटीच्या सहा अणुभट्ट्यांचा आराखडा पुढे सरकला. जैतापूर प्रकल्पावर लोकसभेत कधी थेट कौल घेतला गेला नाही. पण त्याच्या इतिहासात त्या दिवशीची बटणं मोजावीच लागतात.

अशा विषयांवर खासदाराला जोखायचं तर मताच्या जागी दुसऱ्या खुणा बघाव्या लागतात. त्यानं तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, विचारला का, आणि मंत्र्यानं काय उत्तर दिलं? शून्य प्रहरात किंवा नियम ३७७ खाली विषय मांडला का? विधेयक आलं तेव्हा दुरुस्ती सुचवली का, आणि ती मताला टाकायचा आग्रह धरला की मंत्र्यांच्या आश्वासनावर मागे घेतली? कायद्याखाली केलेले नियम बहुधा संसदेच्या पटलावर तीस दिवस ठेवावे लागतात आणि त्या मुदतीत ते बदलावेत किंवा रद्द करावेत असा प्रस्ताव कोणीही सदस्य देऊ शकतो. हे हत्यार आपल्या किनाऱ्यासाठी कोणी उचललं का, हे मी कुठल्याही हिरव्या खुणेपेक्षा जास्त महत्त्वाचं मानतो.

यादी सापडते कुठे

संसदेच्या संकेतस्थळावर दोन्ही सभागृहांचे वादविवाद असतात. विधेयक कोणत्या तारखेला मंजूर झालं ते आधी शोधायचं, मग त्या दिवसाचा वादविवाद उघडायचा. मतविभाजन झालं असेल तर मधेच नावांच्या लांबलचक याद्या लागतात, आधी बाजूच्या, मग विरोधातल्या, तटस्थ असतील तर त्यांची वेगळी. यादीखाली बारीक अक्षरातली तळटीप वाचायला विसरू नये. चिठ्ठीनं मत दिलेल्यांची किंवा दुरुस्त केलेल्यांची नावं तिथे असतात. एकाच विधेयकावर एकाच दिवशी अनेक मतविभाजनं असू शकतात, एकेका दुरुस्तीवर, एकेका खंडावर, आणि शेवटी पूर्ण विधेयकावर. दुरुस्तीच्या विरोधात दिलेलं मत हे विधेयकाच्या विरोधातलं समजून बरेच जण फसतात, म्हणून याद्यांच्या वर कोणता प्रस्ताव छापलाय ते आधी वाचावं. हजेरी, प्रश्न, चर्चेतला सहभाग आणि खासगी विधेयकं यांचा हिशोब पीआरएस या संस्थेच्या पानांवर खासदारवार मिळतो.

आता खासगी विधेयकं. मंत्री नसलेल्या कोणाही खासदाराला ती मांडता येतात, लोकसभेत त्यासाठी शुक्रवारची शेवटची अडीच तासांची वेळ असते. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त चौदा विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० साली. म्हणून कोणी त्यांच्याकडे बघत नाही. पण पक्षाच्या आदेशाबाहेर खासदार स्वतः काय विचार करतो, हे कळायची सर्वांत चांगली जागा हीच. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत. काही आठवड्यांत विरोधी बाकावरच्या एका खासदारानं घटनादुरुस्तीचं खासगी विधेयक मांडलं, संसदेचा तो अधिकार पुन्हा स्पष्ट करण्यासाठी. ते होते राजापूरचे खासदार, वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, देशभर त्यावर वाद झाला, त्यांच्या समाजवादी मित्रांपैकीही काहींना ते पटलं नव्हतं. ते मंजूर झालं नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले, आणि त्याच वर्षी सरकारनं २४ वी घटनादुरुस्ती करून त्याच दिशेनं पाऊल टाकलं. नाथ पै यांची ही भूमिका बरोबर होती का, यावर आजही वाद घालता येतो. ती काय होती, याबद्दल मात्र कोणाला शंका नाही, कारण तिच्यामागची सगळी कारणं त्यांनी सभागृहात उभं राहून सांगितली, आणि ती छापलेली आहेत.

आपल्या आजच्या खासदाराला पत्र लिहायचं असेल तर 'तुम्ही काय केलंत' असं मोघम विचारू नये. विधेयकाचं नाव आणि तारीख घालावी. मग विचारावं: मतविभाजन झालं का, नसेल तर तुम्ही किंवा तुमच्या पक्षानं ते मागितलं होतं का? पक्षाचा आदेश होता का आणि किती ओळींचा? कोणत्या दुरुस्त्यांना तुम्ही पाठिंबा दिलात? आमच्या किनाऱ्याला लागू होणाऱ्या अधिसूचनेवर तुम्ही कोणता प्रश्न विचारलात, त्याचा क्रमांक आणि तारीख काय? प्रश्नाला क्रमांक असतो, म्हणून आलेलं उत्तर खरं की खोटं हे दहा मिनिटांत तपासता येतं. पत्र मतदारसंघातल्या कार्यालयात प्रत्यक्ष द्यावं आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी.